नळाची बोळवण

सरकारी कामात देव आणू नये, असं माझं मत आहे. हे मत मी कुठल्या सभेत ऐकलेलं नाही की पेपरात वाचलेलं नाही. माझी शाळा मराठी तिसरीपर्यंत, आणि तीही ज्या दिवशी मेंढरांमागं जायचं नसेल त्या दिवशी. हे मत आमच्या गल्लीच्या नळावर तयार झालं, आणि खरं बोलायचं तर ते माझं नव्हेच, माझ्या बायकोचं. ती आता नाही. ती होती तेव्हा मला वाटायचं, सांगायचं त्याला तीच सांगेल. तोंड तिला होतं, मला नव्हतं. आता तिचं बोलणं तेवढं माझ्याजवळ उरलंय. मी गेल्यावर ते कुणाजवळ उरणार, म्हणून लिहायला बसलो.

तेव्हा आम्ही दोघं आणि आमची लहान पोरं सोलापुरात एका गिरणीच्या मागच्या गल्लीत राहत होतो. गल्लीच्या एका अंगाला तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची घरं, मधे आमच्यासारखे खेड्यातून आलेले गिरणीकामगार, आणि टोकाला मोमिनांची, म्हणजे मुसलमान विणकरांची चारदोन घरं. सगळीकडं मागांचा खटखटाट. त्याची इतकी सवय झालेली की सणाला माग बंद राहिले तर रात्री झोप लागायची नाही. मी एका सरकारी कचेरीत पट्टेवाला होतो. शहराला पाणी पुरवायचं काम त्या कचेरीकडं होतं. कचेरीचं नाव घेत नाही. ती माणसं गेली, आता त्यांची नाचक्की कशाला?

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मोमीन बाई राहायची. आम्ही तिला बूबू म्हणायचो, ती माझ्या बायकोला अक्का म्हणायची. दोघींत थोरली कोण हे शेवटपर्यंत ठरलं नाही. बूबूच्या नवऱ्याच्या पायातलं बळ गेलेलं. तो बसून मागाच्या कांड्यांवर सूत भरायचा, बाकी सगळं बूबूवर. मागावर चढवण्याआधी सुताला खळ द्यावी लागते, म्हणजे पिठाची पेज करून त्यात सूत भिजवून वाळवायचं. त्याला पाणी लागतं, आणि तेही हंडेच्या हंडे. पाणी वेळेला नसलं की सूत तसंच पडून राहायचं, आणि दोनदा तसं झालं की व्यापारी सूत दुसऱ्याच्या घरी टाकायचा. मग त्या घरात चूल पेटायची नाही. एवढा सरळ हिशेब होता.

पाणी म्हणजे वेशीबाहेरची विहीर. उन्हाळ्यात बायका तिथं बादली टाकून बसायच्या, पाझर साठेपर्यंत. माझी बायको आणि बूबू बरोबर जायच्या. बायको म्हणायची, "बूबूला आनि मला जेवडं बोलायचं असतं तेवडंच ती हीर भरायला येळ लावती, म्हून बरं." पण बूबूची पाठ मोडून आली होती ते तिला दिसत होतं. तीच माझ्यामागं लागली, "कचेरीत पानी तुमच्या हाताखालनं जातं, आनि तुमच्या गल्लीला एक तोटी न्हाय?" माझ्या हाताखालनं फक्त चहाच्या कपबशा जात होत्या, पण ते तिला कोण सांगणार. गल्लीतल्या सगळ्यांचे अंगठे घेऊन अर्ज केला, पुष्कळ हेलपाटे झाले, आणि शेवटी एक नळ मंजूर झाला. गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यांना मिळून एक.

आता तो उघडायचा कसा, यावर कमिटीची बैठक बसली. मी दाराशी उभा होतो, म्हणून सगळं ऐकलं.

एक वकील मेंबर होते. ते म्हणाले, "ही कचेरी आहे, देऊळ नव्हे. पाणीपट्टी सगळे भरतात. साहेबांनी तोटी सोडावी, आपण टाळ्या वाजवाव्या, चहा घ्यावा, संपलं."

दुसरे एक सराफ होते. ते म्हणाले, "अहो वकीलसाहेब, घरात नवी चूल घातली तरी आपण तिला हळदकुंकू वाहतो. पाण्यासारखं पाणी आणि नारळ नाही? लोक तोंडात शेण घालतील."

मुसलमान मेंबर शांतपणे म्हणाले, "नारळ फोडा की. आमची हरकत नाही. मग आमचाही फातिहा होऊ द्या. नाहीतर दोन्ही नको."

अध्यक्ष म्हणजे भांडण दिसलं की घाम पुसणारा माणूस. ते म्हणाले, "मग सगळ्यांचंच करू. पाद्रीसाहेबांनाही बोलावू, गोरे साहेब येणार आहेत."

वकील म्हणाले, "सगळ्यांचं करणं आणि कुणाचंच न करणं, यात फरक आहे."

"आहे ना फरक," अध्यक्ष म्हणाले, "कुणाचंच नाही केलं तर सगळे रुसतील. सगळ्यांचं केलं तर कुणीच रुसणार नाही."

ठराव झाला. मला तेव्हा अध्यक्ष फार शहाणे वाटले.

मग माझी पायपीट. भटजी म्हणाले, पहिलं कोण? मुल्लाजी म्हणाले, पहिलं कुणीही असो, नारळाचं पाणी माझ्या अंगावर उडायला नको. पाद्री तेवढे खुशीत होते. त्यांनी मलाच चहा पाजला. पुढं वर्षभर लिंगायतांचे एक जंगमस्वामी मला रस्त्यात दिसले की विचारायचे, "का रे, आम्ही काय मेलो होतो?" त्यांना बोलवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे सगळ्यांचं करूनही रुसायला माणूस उरलाच.

समारंभाच्या दिवशी गल्लीत सडा पडला, आंब्याची डहाळी बांधली. नळ म्हणजे दगडाचा एक बुटका खांब, त्यातून निघालेली पितळी तोटी. भटजींनी खांबाच्या पायाशी तांदूळ मांडले, वर सुपारी ठेवली आणि एकेका नदीचं नाव घेऊन तिला त्या तोटीत बोलावलं. मग म्हणाले, "सवाष्ण पाहिजे. गंगेची ओटी भरायची आहे."

अध्यक्षांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्यावर नजर थांबवली. "तुझी बायको इथलीच ना? बोलाव."

ती पुढं आली. जरीकाठी लुगडं, तेही लग्नातलं. समोर साहेब बसलेला, तरी तिनं घरच्या तुळशीला लावावं तसं खांबाला हळदकुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली, आणि हिरव्या बांगड्या तोटीच्या मानेत अडकवल्या. साहेब वाकून बघत होता. त्याला बहुतेक वाटलं, नळ असाच उघडतात.

मग मुल्लाजी. त्यांनी दोन्ही हात वर धरून दुवा मागितली. आमच्या लोकांना आपल्या हातांचं काय करावं कळेना. कुणी जोडले, कुणी पाठीमागं नेले. मग पाद्रीबाबांनी डोळे मिटले, तसा साहेब खुर्चीवरून उठून उभा राहिला. साहेब उठला म्हणजे कार्यक्रम संपला, एवढं लोकांना ठाऊक. सगळ्या बाया घागरी घेऊन नळाकडं धावल्या. शिपाई ओरडतोय, अध्यक्ष घाम पुसताहेत, आणि त्या गोंधळात पाद्रीबाबा डोळे न उघडता देवाशी बोलताहेत. त्यांच्या धीराचं मला आजही कौतुक वाटतं.

साहेबानं तोटी फिरवली. आधी नळ खोकला, मग गंजाचं तांबडं पाणी आलं. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "गुलाल उधळला रं नळानं!" मग स्वच्छ धार लागली. पहिली घागर माझ्या बायकोची. ती भरली आणि तिनं मागं वळून बूबूची घागर ओढून धारेखाली लावली. "धर. आता हिरीचं त्वांड बघायला नको." बूबू हसत होती आणि डोळे पुसत होती. भटजी दक्षिणा घेऊन टांग्यात बसले, मुल्लाजी पायी गेले, पाद्री सायकलवर गेले. सगळे खूश.

त्यानंतर काय झालं ते हळूहळू झालं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी कुणीतरी खांबाला कुंकू लावलं. मंगळवारी कुणी पणती ठेवली. एका लेकुरवाळीनं नवस फेडला, नारळ फोडला. मग आत्यानं एक गोल दगड शेंदूर लावून पायाशी बसवला. ही आत्या म्हणजे गिरणीतल्या जॉबरची आई. तिच्या मुलाच्या हातात लोकांना कामावर घेणं आणि काढणं होतं, म्हणून अख्खी गल्ली तिला आत्या म्हणायची आणि कुणी उलट बोलायचं नाही. दगड बसला, त्याचं नाव गंगाई पडलं. मग आत्या पाट घेऊन सकाळी तिथंच बसायला लागली. पायताण लांब काढा. मटणाची भांडी हितं इसळू नका. बाहेर बसलेल्या बाईनं शिवायचं नाही. आणि मग एके दिवशी बूबूला म्हणाली, "तुमी मागनं भरत जावा, बाई. देवाचं ठिकान हाय."

बूबू म्हणाली, "मागनं म्हंजे कवा, आत्या? ऊन चढलं की पानी जातंय."

"मग लवकर येत जा."

"लवकर आली तर तुमी म्हनता, थांब, पूजा व्हायचीय."

बाया हसल्या. आत्यासुद्धा हसली. पण बूबूची घागर मागंच राहिली. पाणी सकाळचं थोडा वेळच सुटायचं; आधी पूजा, मग आमच्या बाया, आणि मोमिनांची पाळी येईस्तोवर तोटीतून फुसफुस हवा. दोनचार सकाळी बूबू रिकामी घागर घेऊन उभी राहिली, आणि मग बिनबोभाट पुन्हा विहिरीला जायला लागली. तिच्या घरचं सूत पडून राहायला लागलं. एकदा व्यापाऱ्याचा माणूस येऊन बोलून गेला, ते भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू आलं.

मोमिनांची दोन तरणी पोरं म्हणायला लागली, फातिहा आमचाही झालाय, आम्हीही हिरवी चादर घालतो, बघू कोण काढतंय.  गल्लीच्या दोन टोकांना माणसं संध्याकाळची वेगवेगळी बसायला लागली होती. पाणी भरायच्या जागेवरून डोकी फुटू शकतात, हे मला कुणी सांगायला नको होतं.

माझी बायको आत्याशी भांडली. "आत्या, नळ तुज्या सासऱ्यानं बसिवलाय व्हय? अर्जावर बूबूचा बी अंगठा हाय."

आत्या शांत होती. म्हणाली, "कुकू कुनी लावलं गं पयलं? वटी कुनी भरली? म्या? तू देव केलास, म्या निस्ती राखन करती."

बायको तशीच घरात निघून आली.

थोड्याच दिवसांत ती स्वतः बाहेर बसली. ज्यांच्या घरात दुसरी बाई नाही त्यांनी चार दिवस पाणी बंद करून कसं चालेल? विहिरीवर कुणी विचारायचं नाही, आणि कुणी सांगायचं नाही. पण नळावर आत्या विचारायची. दुसऱ्या बाया खोटं बोलून मोकळ्या व्हायच्या. माझी बायको घागर घेऊन गेली, आत्यानं विचारलं, आणि ही म्हणाली, "व्हय, बसलेय की. मग?"

मग काय, माघारी. रिकामी घागर आपटून ती परसात बसली. "बघा," मला म्हणाली, "म्याच बसिवली आनि मलाच उटिवलं."

दुपारी बूबू विहिरीवरून आली. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. कमरेवरची तिनं आमच्या दारात ओतली. बायको म्हणाली, "अगं, तुज्या खळीला?" बूबू म्हणाली, "खळी भाड में गई. तू प्यासी मरेगी तो मेरे से बातां कौन करता?"

मी दुसऱ्या दिवशी धीर करून अध्यक्षांना सगळं सांगितलं. एक हुकूम काढा, म्हटलं, दगड हलवा, सगळे एका रांगेत उभे राहतील. त्यांनी घाम पुसला. "अरे, पूजा करायचा ठराव करता आला. पूजा काढायचा ठराव कसा करू? लोकांच्या भावना आहेत. आता ते देवस्थान झालं." मी वकीलसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "मी बैठकीत सांगितलं होतं."

"व्हय साहेब. पण आता काय करू?"

"सांगितलं होतं मी," ते पुन्हा म्हणाले. त्यांचं खरं ठरलं होतं आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. माणूस वाईट नव्हता. पण खऱ्या बोलण्यानं बूबूची घागर भरत नव्हती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती परसात लांब बसलेली, मी उंबऱ्यात.  मग म्हणाली, "अवो, भटजींनी गंगाईला बोलावलं, न्हवं?"

"बोलावलं की. सगळ्या नद्यांची नावं घेतली."

"आनि बोळवलं कवा?"

"बोळवायचं म्हणजे?" मी विचारलं.

"गवर आनतो आपुन. बसिवतो, जेवायला घालतो, आनि दिस भरला की अक्षता टाकून जाग्यावरनं हलिवतो, शिदोरी देतो, बोळिवतो. का ठिवून घेतो वरीसभर? माह्यारला आलेली लेक ती. ह्या गंगाईला बोलावलं सगळ्यांनी आनि दक्षिना घिऊन टांग्यात बसलं. ती बिचारी आजून तोटीत अडकून बसलीया. म्हून तर समद्यांचं बिनसलंय."

मी म्हटलं, "हे तू खरं म्हणतेस का आत्याला बनवायला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. आज इतक्या वर्षांनीही मला वाटतं, ती खरंच म्हणत होती. देव असतो हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणूनच त्याला कुठंही बसवून विसरून जाणं तिला खपलं नाही.

न्हाणं झाल्यावर ती घरोघर गेली. भांडायला नाही, आवतण द्यायला. उद्या गंगाईची बोळवण आहे, ओटी घेऊन या. आत्याच्या दारात शेवटी गेली. मी बरोबर होतो.

आत्या उसळली. "द्येव उटिवतीस? तळपट हुईल!"

"आत्या, तुज्या घरात गवर येती का न्हाय?"

"यीती की."

"बोळिवतीस का कोंडून ठिवतीस?"

 गल्लीतल्या बाया दारातून ऐकत होत्या. एक तेलुगू म्हातारी हळूच म्हणाली, "खरंच की, उत्तरपूजा कुणीच केली नाही." झालं. आता नाही म्हणणं म्हणजे देवाचं अर्धं काम अर्धंच ठेवणं. बायको पुढं म्हणाली, "आनि डोस्क्यावर घिऊन तळ्याला कुनी जायाचं? गल्लीत थोरली तू. दुसऱ्याला कसा मान दिऊ?"

आत्यानं पदर सावरला. "माजं गुडगं दुकत्यात," म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी न्हाऊन तीच तयार होती.

बोळवण गौरीसारखीच झाली. ज्या हातानं ओटी भरली त्याच हातानं माझ्या बायकोनं अक्षता टाकल्या, दगड जागेवरून हलवला, तोटीच्या मानेतल्या बांगड्या काढल्या. दहीभाताची शिदोरी बांधली. बायांनी गाणी म्हटली. आत्या टोपलीत दगड घेऊन पुढं, डोळ्याला पदर लावलेला, आणि ते खोटं नव्हतं. तळ्याच्या पाण्यात दगड सोडला. परत येताना कुणी मागं वळून बघितलं नाही, तशीच रीत असते. आल्यावर बायकोनं खांब घासून धुतला. कुंकू जाऊन खालचा साधा दगड दिसायला लागला.

बूबू तिच्या दारात उभी होती. बायकोनं विचारलं, "बूबू, तुज्या मुल्लाजीचं आनि कसं? ती बी दुवा उतरवायला पायजे का?"

बूबू म्हणाली, "हमारी दुआ तो उसी वक्त ऊपर गई. उसकू उतारना नक्को. वो खांबे पो बैठती नहीं."

"आनि पाद्रीबाबाची?"

"वो साहेब के संगात बंगले कू गई!"

दोघी भिंतीला धरून हसल्या. दुसऱ्या सकाळी रांग लागली, एकच. कोण पुढं कोण मागं, तर जो आधी येईल तो. आत्याचा पाट तिच्या घरी गेला. चादर घालणारी पोरं दोनचार दिवस नळाकडं बघत फिरली, पण कशावर घालणार? खांबाला खांबच राहू दिलेला. बूबूच्या सुताला पुन्हा वेळेवर खळ बसायला लागली.

गोष्ट इथं संपली असती तर मी लिहिलीही नसती. कचेरीत चहा पिताना सांगायची मजेची गोष्ट झाली असती.

त्याच वर्षी पाऊस सरल्यावर गल्लीत गोवर आला. पोरं अंथरुणाला लागली, बहुतेक उठली. आमची धाकटी उठली नाही. नुकती भिंतीला धरून चालायला लागली होती. त्याविषयी जास्त लिहीत नाही. तिच्या आईनंही पुढं कधी जास्त बोलून दाखवलं नाही.

सुतक फिटल्यावर बायको पहिल्यांदा घागर घेऊन नळावर गेली. मी कामावर निघालेला, रांगेजवळून जात होतो. बायांचं बोलणं थांबलं. आत्या रांगेत होती. तिनं दुष्टपणानं म्हटलं असं मी म्हणत नाही. तिला तसंच वाटत असेल. पण ती म्हणाली, "मी सांगत हुते. द्येवाला उटवू ने. बोलत न्हाय, पन इसरत बी न्हाय."

 माझी बायको घागर धरून उभी राहिली. तिचा चेहरा मी बघितला, आणि मला कळलं की हा विचार आत्यानं आज तिच्या डोक्यात घातलेला नाही, तो आधीपासून तिथं होता. त्या रात्रींत तिनं तो माझ्याजवळ बोलून दाखवला नव्हता एवढंच.  पुढं होऊन काहीतरी बोलावं असं वाटलं, पण काय बोलणार? मला तरी कुठं ठाऊक होतं, देव विसरतो का नाही विसरत?

बूबू तिच्यापुढं एक बाई सोडून उभी होती. तिची घागर धारेखालीच होती, अर्धी भरलेली. तिनं तोटी बंद केली, घागर उचलली आणि मागं माझ्या बायकोजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, पण सगळं चिडीचूप होतं म्हणून मला ऐकू आलं.

"अक्का, माज्यापायी केलंस तू हे. तू बोल. तुज्या जीवाला बरं वाटत आसंल तर मी नक्को भरती हितं. हीर हाय की मला. सवय हाय."

बायकोनं तिच्याकडं बघितलं.  रांगेतल्या सगळ्या बाया उत्तराची वाट बघत होत्या, आत्यासुद्धा. तेव्हा ती मान हलवती, किंवा नुसती गप्प राहती, तरी बूबू गेली असती. तिच्यामागून मोमिनांच्या सगळ्या घागरी गेल्या असत्या, आणि संध्याकाळपर्यंत त्या खांबाला पुन्हा कुंकू लागलं असतं. कुणी दोष दिला नसता. पोर गेलेली बाई, तिला कोण काय म्हणणार?

ती म्हणाली, "तुजं पानी बंद करून माजी पोर माघारी येनार हाय व्हय?"

मग ती आत्याकडं वळली.

"येनार आसंल तर सांग, आत्या. आत्ता लावते कुकू."

आत्यानं खाली बघितलं.

बायकोनं बूबूच्या हातातली अर्धी घागर घेतली, रांगेच्या पुढं गेली, धारेखाली ठेवली आणि तोटी सोडली. घागर भरेपर्यंत खांबाला हात टेकून उभी राहिली. भरून वाहायला लागली तरी बघत राहिली, तेव्हा बूबूनंच पुढं होऊन तोटी फिरवली.